मदत हवी आहे : विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे' नक्की कुठल्या ग्रहणाचे?

नमस्कार मंडळी. विजयदुर्ग किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात तिथूनच हेलियम शोधला असं सर्रास सांगतात, दरवर्षी त्या तारखेला हेलियम दिनही साजरा होतो.

पण तारखा जुळत नाहीत. 1868 च्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, धाकटा हर्शेल (खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलचा मुलगा) जमखंडीला. लॉकियर मात्र इंग्लंडातच. त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच सौरज्वालांचा (सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या वायूंच्या लोटांचा) वर्णपट पाहिला, ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखला गेला ती त्यातलीच. विजयदुर्गाला तो आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. तेव्हा 'मेलपोमीनी' या युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या हाताखाली होते, भिंगापुढे प्रिझम लावलेले कॅमेरे होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटं, म्हणून फोटोची एकेक प्लेट कधी टिपायची याची आधी कवायत! (खलाशांना हे काम तोफांपेक्षा सोपं वाटलं असेल का, कोण जाणे.) त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल जेऊरला तळ ठोकून होते.

माझा अंदाज, ओटे 1898 चेच. कागदोपत्री आधार कोणाकडे आहे का? जानेवारी-फेब्रुवारी 1898 च्या मराठी वर्तमानपत्रांतल्या बातम्या, तळाचे फोटो, ओटे बांधणाऱ्या गवंड्यांच्या मजुरीची नोंद, काहीही चालेल. देवगड-गिर्ये भागातल्या कोणाच्या घरी जुनी दप्तरं असतील तर कृपया बघाल का? जेऊरच्या तळाची जागा आज दाखवता येते का, तेही सांगा.