रॉकेटची नळी आणि बंद खोली: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची इराक-चर्चा

मुक्ता, सी-२०१: नमस्कार सगळ्यांना. शनिवारी कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय: 'इराककडे दडवलेली अस्त्रं असल्याच्या पुराव्यांमुळे अमेरिकेनं २००३ मध्ये इराकवर केलेलं युद्ध समर्थनीय ठरतं.' चिठ्ठीत मला 'बाजूने' आलंय. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. कुणाला आठवत असेल तर मदत कराल का?

देशपांडे काका, ए-१०४: बाजू अवघड आहे, पण पोकळ नाही. लिहून घे. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन यानं रासायनिक अस्त्रं वापरली होती, ही काही अफवा नव्हे. मार्च १९८८, हलब्जा. कुर्दांचं गाव, सुमारे ५,००० माणसं गेली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रनिरीक्षक आत शिरले तेव्हा त्यांचा अणुकार्यक्रम जगाच्या अंदाजापेक्षा कितीतरी पुढे गेलेला सापडला. जैविक अस्त्रांबद्दल चार वर्षं टोलवाटोलवी केली. १९९५ मध्ये जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळाला, तेव्हा कुठे खरा आवाका कबूल केला. नोव्हेंबर २००२ मध्ये सुरक्षा परिषदेनं इराकला निःशस्त्र होण्याची शेवटची संधी देणारा १४४१ क्रमांकाचा ठराव १५ विरुद्ध ० असा मंजूर केला, त्यात सीरियासुद्धा होती. एवढं लपवलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

मुक्ता, सी-२०१: काका, हे खूप कामाचं आहे 🙏

शिंदे, डी-३०३: काका, तुमचं सगळं बरोबर, पण ते २००३ च्या आधीचं झालं. युद्ध करताना जे पुरावे म्हणून दाखवले त्यांचं बोला. मी त्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांबद्दल लिहितो, कारण ते माझं रोजचं काम आहे.

शिंदे, डी-३०३: इराकनं मागवलेल्या नळ्या २००१ मध्ये जॉर्डनमध्ये पकडल्या. ७०७५ ग्रेड, बाहेरून ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, भिंत तीन मिलिमीटरहून जाड, वर ॲनोडायझिंग केलेलं, म्हणजे खराब होऊ नये म्हणून दिलेला थर. अमेरिकी गुप्तचर म्हणाले, या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत. इराक म्हणाला, या ८१ मिलिमीटरच्या रॉकेटसाठी आहेत. आता भोसरीतल्या कुठल्याही शॉपमध्ये विचारा. सेंट्रिफ्यूजचा रोटर मिनिटाला हजारो फेरे घेतो, त्याला भिंत पातळ लागते. ही जाड. ॲनोडायझिंग तर आधी घासून काढावं लागलं असतं. मग पैसे देऊन केलं कशाला? कारण त्यांच्या जुन्या नळ्या उघड्यावर पडून खराब झाल्या होत्या. आमच्याकडे पावसाळ्याआधी गिऱ्हाईक हेच करून घेतं.

देशपांडे काका, ए-१०४: हे तेव्हा कुणाला कळलं नव्हतं, शिंदे. नंतर सगळेच शहाणे.

शिंदे, डी-३०३: नाही काका, कळलं होतं. मी म्हणून तर चिडतो. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले सेंट्रिफ्यूजचे जाणकार आधीपासून सांगत होते की या नळ्या त्या कामाच्या नाहीत. ऑक्टोबर २००२ च्या गुप्तचर अहवालात त्यांचा आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर शाखेचा वेगळा अभिप्राय नोंदवलेला आहे. निरीक्षकांनी इराकमध्ये जाऊन त्याच मापाच्या नळ्यांची तयार रॉकेटं पाहिली. ज्याच्या हाताला काम माहीत आहे त्याचं ऐकायचं नाही, हे मी तीस वर्षं बघतोय. इथं त्याच्यावर युद्ध झालं.

सेक्रेटरी: उद्या ११ ते २ टाकी सफाई आहे. पाणी भरून ठेवणे. चर्चा चालू द्या.

मुक्ता, सी-२०१: आणि इराक आफ्रिकेतल्या नायजरकडून युरेनियम घेऊ पाहत होता म्हणतात, ते?

कुलकर्णी, बी-१०१: ज्या कागदपत्रांवरून ते म्हटलं जात होतं, ती बनावट निघाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बरादेई यांनी ७ मार्च २००३ ला सुरक्षा परिषदेत तसं स्पष्ट सांगितलं. युद्ध सुरू झालं २० मार्चला. म्हणजे मध्ये १३ दिवस होते.

कुलकर्णी, बी-१०१: ट्रकमधल्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची गोष्ट तर जर्मनीत आश्रय मागणाऱ्या एका इराकी इंजिनिअरच्या जबानीवर उभी होती. सांकेतिक नाव 'कर्व्हबॉल'. जर्मनांनी अमेरिकी गुप्तचरांना त्याची सरळ चौकशी करू दिली नव्हती, जबानीची टिपणं पाठवली. २०११ मध्ये त्यानं एका ब्रिटिश वर्तमानपत्राला सांगितलं की आपण हे रचलं होतं. तरी ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी त्या ट्रकची चित्रं सुरक्षा परिषदेला दाखवली होती.

सावंत काकू, बी-५०२: त्याच दिवशी त्यांनी ती छोटी बाटलीही दाखवली होती ना, अँथ्रॅक्स एवढ्याशा भुकटीत किती घातक असतो ते सांगायला. त्या बाटलीचा फोटो पेपरात पाहून हे दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आले.

मुक्ता, सी-२०१: टेप कशाला काकू?

सावंत काकू, बी-५०२: आम्ही कुवेतला होतो गं, सालमियाला. मधली खोली बंद केली. खिडकीला जाड प्लास्टिक, चारी बाजूंनी खाकी टेप, एसीच्या भोकातही कापड कोंबलं. बादलीत ओला टॉवेल, दाराच्या फटीला लावायला. मार्चमध्ये भोंगे सुरू झाले की मी लेकीला उचलून आत. ती चार वर्षांची, मास्क घालू द्यायची नाही, रडून रडून तिचा घसा बसायचा. क्षेपणास्त्रं खरंच आली, पण गॅस एकदाही आला नाही.

सावंत काकू, बी-५०२: सद्दामबद्दल मला काडीची माया नाही. १९९० मध्ये त्यानं कुवेत घेतलं तेव्हा ह्यांनी बँकेतली सगळी पुंजी कुवेतमध्ये सोडली आणि अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानानं अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबई गाठली. पण ज्या भीतीनं मी लेकीला त्या खोलीत कोंडलं ती भीती आम्हाला खात्रीच्या आवाजात विकली गेली होती. ते मी विसरत नाही. आणि आमचे भोंगे तीन आठवड्यांत थांबले. पलीकडे बसऱ्याच्या, बगदादच्या आयांचं काय झालं? तिथं लाखाहून जास्त सामान्य माणसं गेली.

देशपांडे काका, ए-१०४: सावंत वहिनी, हे तुम्ही कधी बोलला नव्हतात.

सावंत काकू, बी-५०२: कुणी विचारलं नव्हतं.

मुक्ता, सी-२०१: पण मग सद्दामकडे काहीच नव्हतं तर त्यानं सरळ दाखवून का नाही टाकलं? हा मुद्दा मला वापरता येईल.

कुलकर्णी, बी-१०१: चांगला प्रश्न आहे. युद्धानंतर अमेरिकेचंच पथक शोधायला गेलं. जानेवारी २००४ मध्ये त्याचे माजी प्रमुख डेव्हिड के सिनेटसमोर म्हणाले की आपण जवळजवळ सगळेच चुकलो. पुढचे प्रमुख डल्फर यांच्या अहवालात आलं की अस्त्रांचे साठे १९९१ मध्येच बहुतेक नष्ट केले होते, तेही गुपचूप, धड नोंदी न ठेवता. शिवाय सद्दामला इराणची धास्ती होती, आपल्याकडे काही नाही हे शेजाऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. मोडक्या जुन्या रासायनिक तोफगोळ्यांचे ढीग नंतर सापडले, पण ते १९९१ च्या आधीचे.

शिंदे, डी-३०३: आणि दाखवणं चालूच होतं की. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक नोव्हेंबर २००२ पासून आत होते. अल-समूद क्षेपणास्त्रांचा पल्ला १५० किलोमीटरच्या मर्यादेबाहेर भरला, त्यांनी मोडायला सांगितलं. १ मार्चपासून इराकनं सत्तरच्या आसपास मोडली. ब्लिक्स म्हणाले, उरलेल्या कामाला वर्षं नकोत, आठवडे पुरणार नाहीत, महिने लागतील. १८ मार्चला निरीक्षकांना बाहेर पडावं लागलं. महिने दिले असते तर काय बिघडलं असतं, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलं नाही.

देशपांडे काका, ए-१०४: मान्य. इथं माझ्याकडेही उत्तर नाही. मुक्ता, तू असं कर. संशय खरा होता आणि निरीक्षक आत गेले तेही सैन्याच्या धाकामुळेच, इथपर्यंत छातीठोक बोल, ते खरं आहे. पण नळ्या, नायजर आणि ते ट्रक यांना हात लावू नकोस. समोरचा तिथंच धरणार.

कुलकर्णी, बी-१०१: आपली संसदही तेव्हा गप्प नव्हती. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेनं युद्धाविरुद्ध ठराव केला. शब्दावरून बरीच ओढाताण होऊन 'निंदा' हा शब्द ठरला. मनोहर जोशी अध्यक्ष होते. जुलैमध्ये वाजपेयी सरकारनं इराकला सैन्य पाठवायलाही नकार दिला.

मुक्ता, सी-२०१: सरांना विचारते, बाजू बदलून मिळते का. नाही मिळाली तर काका म्हणतात तेवढंच बोलेन. शिंदे काका, ॲनोडायझिंग केलेली नळी दिसते कशी? मी कधी पाहिली नाही.

शिंदे, डी-३०३: उद्या सात वाजता गेटपाशी ये, कंपनीत निघायच्या आधी एक तुकडा हातात देतो. अर्धा भाग घासून पांढरा करून आणतो, म्हणजे फरक कळेल.

सावंत काकू, बी-५०२: आणि वर येऊन जा. मास्क अजून आहे माझ्याकडे, लेकीचा.