लाखाचा इन-इअर घेतला, पण कानात बसलाच नाही तर?

विजापूररोडकर

महागड्या इन-इअर हेडफोनांची परीक्षणं वाचून वाचून कंटाळा आलाय. बेस (खालचे स्वर) असा, ट्रेबल (वरचे) तसा, साउंडस्टेज, म्हणजे आवाजाचा भासणारा पसारा, एवढा मोठा, आणि शेवटी एका ओळीत ‘कम्फर्ट ठीक’. मला हा क्रमच उलटा वाटतो. आधी कानात बसतो का बघा, आवाजाचं नंतर. सोलापूरच्या हवेत तर नक्कीच.

भाचा सुट्टीला आला होता, जाताना त्याचे दोन नग माझ्याकडे ठेवून गेला. सेनहायझरचा आयई ९०० आणि शुअरचा एसई ८४६. माझा स्वतःचा आयई २००. म्हणजे १२९९ डॉलरला बाजारात आलेला, ९९९ डॉलरला आलेला आणि १५० डॉलरचा, असे तिन्ही एका टेबलावर. फोनला टाइप-सीचा छोटा डॅक (डिजिटल आवाज हेडफोनला देणारं यंत्र) लावला आणि तेच ते ध्वनिमुद्रण तिन्हींवर ऐकलं.

कसोटीला तंबोरा घेतला. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, ७० हर्ट्झच्या आसपास असतो. टिप, म्हणजे कानात जाणारी मऊ टोपी, जराशी सैल झाली की सगळ्यात आधी जातो तो हा खर्जच. वरची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, मात्र तशीच झणझणत राहते, त्यामुळे काही बिघडलंय हे पटकन लक्षातच येत नाही. नुसतं वाटत राहतं की तंबोरा आज पातळ का लागतोय.

आयई ९०० माझ्या डाव्या कानात झकास बसतो. उजव्यात नाही. टिप जिच्यावर बसते ती त्याची नळी आखूड आहे, जबडा हलला की सील, म्हणजे कानातली हवाबंद पकड, सुटतं. ऐकता ऐकता चार शेंगा तोंडात टाकायची सोय नाही. एसई ८४६ ची नळी बारीक, टिप खोलवर जाते, सील काही केल्या सुटत नाही. पण त्याचं कवच जाड, कानाच्या वळणाला रुततं. तासाभराने कानाची पाळी लाल. आयई २०० हलका आणि छोटा, घातलाय हे विसरायला होतं.

त्यात मे महिना. पारा चाळिशीच्या वर, पंखा गरम वारा टाकतोय, कानात घाम. सिलिकॉनची टिप घामाने सरकते. फोमची सरकत नाही, पण घाम पिऊन लवकर कामातून जाते आणि जवारीची धारही थोडी बोथट करते.

हिशेब एवढाच, की माझ्या कानात १५० डॉलरचा खर्ज १२९९ डॉलरच्या खर्जापेक्षा भरीव लागतो. मग वरचे पैसे कशाचे?

खर्जातला

तुमच्या उजव्या कानाचा निकाल साऱ्या जगाला कशाला लावताय? सील सुटलेल्या हेडफोनचा आवाज हा त्या हेडफोनचा आवाजच नव्हे. तुम्ही आयई ९०० अजून ऐकलेलाच नाही, असं मी म्हणेन.

मी तबला वाजवतो, म्हणून डग्ग्याचं, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचं, सांगतो. ‘घे’ वाजवून मनगट पुढे सरकवत नेलं की स्वर वर चढतो, तो घिस्सा. साध्या इअरफोनवर एक ‘घुं’ ऐकू येतो. कुठून निघाला आणि कुठे पोचला एवढं कळतं, मधलं सगळं अंधारात. आयई ९०० वर तो चढ सबंध ऐकू येतो. मनगटाचा दाब कुठे वाढला, कातड्यावर तळहात कसा घासला, सगळं. तबल्याच्या कडेच्या चाटीवरचा ‘ना’ आणि तिच्या आतल्या लवेवरचा ‘तिं’ यांची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, किती टिकली, हेही. हे एकदा ऐकल्यावर मागे फिरता येत नाही.

एसई ८४६ बद्दलही तुम्ही एका वाक्यात निकाल दिलात. त्यात चार बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे आवाज काढणारे छोटे ड्रायव्हर, आहेत. खालच्या स्वरांच्या ड्रायव्हरपुढे स्टीलच्या दहा पातळ पट्ट्या जोडून त्यांत सुमारे ४ इंचांची नागमोडी वाट काढली आहे, ती कशासाठी? खर्जातलं जडपण वर गळ्यात चढू नये म्हणून. पुरुष गायक खर्जात उतरला की स्वस्त इअरफोनवर तंबोरा आणि गळा एकमेकांत कालवले जातात. इथे दोघे वेगळे राहतात. कवच रुततं हे खरं. पण तार कानामागून नीट फिरवलीत का, ते सांगा. ती ओढलेली राहिली की कवच कानावर दाबलं जातं.

आणि टिपा? दोन्ही कानांना एकच साइज लावलात ना? बहुतेकांचे दोन कान सारखे नसतात हो.

विजापूररोडकर

तार कानामागूनच होती. टिपा डब्यातल्या तिन्ही लावल्या, उजव्याला मोठीही लावून पाहिली. मोठी लावली की सील बसतं, पण कान आतून ताणल्यासारखा होतो. लाख मोजून वर टिपांचा संशोधन प्रकल्प चालवायचा, हेच मला पटत नाही.

आलेखवाला

विजापूररोडकर काका, तुमचा निष्कर्ष बरोबर, कारण अर्धंच.

आयई २०० आणि आयई ९०० दोन्हींत ७ मिमीचा एकेकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे छोटा स्पीकरच, आहे. अंतर आहे, पण किमतीत जेवढं आहे तेवढं नाही. आणि गंमत म्हणजे आयई २०० च्या नळीवर टिप दोन ठिकाणी बसते. आत ढकलली तर बेस जास्त, एक पायरी बाहेर ठेवली तर कमी. म्हणजे टिप मिलिमीटरभर सरकली तरी आवाज पालटतो, हे कंपनीच सांगते. तुमची टिप आत असेल तर खर्ज भरीव लागणारच.

खर्जातला यांना: तुम्ही कुठला हेडफोन कानात आहे हे माहीत असताना ऐकलंत. डोळ्यांवर पट्टी बांधून, तिघांचा आवाज मीटरने जुळवून ऐका, मग घिस्स्याबद्दल बोलू. नुसता एक डेसिबल मोठा वाजला तरी माणूस म्हणतो ‘वा, तपशील!’ ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या हरमन कंपनीतल्या सहकाऱ्यांनी असंच जुळवून लोकांना ऐकवलं आणि खालचे-वरचे स्वर किती मोठे वाजावेत याचा, बहुतेकांना आवडेल असा एक आलेख मांडला. आज दोन-चार हजारांचे चिनी इन-इअर त्या आलेखाच्या जवळपास पोचतात. बाकीचं काम फोनमधला इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणारं ॲप, करतो, फुकटात.

खर्जातला

आलेखावरून गाणं कळत असतं तर आम्ही गुरूंकडे कशाला गेलो असतो.

गंभीरपणे विचारतो. तो आलेख ज्या कृत्रिम कानात मोजतात, त्यातला ८ किलोहर्ट्झच्या पुढचा भाग किती खरा मानायचा? नळी किती आत गेली त्यावर आलेखातला तिथला उंचवटा सरकतो, हे तुम्हा लोकांकडूनच शिकलोय. जवारीचं सगळं तेज त्याच्याच अलीकडे-पलीकडे असतं. मग तुमचा आलेख मला नेमकं जे हवं तिथेच गप्प बसतो की नाही?

आलेखवाला

तिथे भरवसा कमी, मान्य. पण मग तिथलं तुमच्या कानात कसं वाजेल हे तुमच्या कानाची लांबी आणि टिपेची खोली ठरवते. म्हणजे परत काकांच्याच मुद्द्यावर आलात. आराम आणि आवाज ही दोन खाती वेगळी नाहीतच.

धोटा_कांडी

ओ सर, तुमचा तंबोरा-बिंबोरा राहू द्या बाजूला. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हंजे माग नीट चालू ठेवणारा, हाय मी. जुने धोट्याचे माग. पाळी संपवून घरी आलो तरी डोस्क्यात खटखट चालूच असती. मला आवाजाच्या आधी शांतता पायजे.

मी एटिमोटिकचा ईआर ४ वापरतो, सेकंडहँड घेतलेला. १९९१ पासनं निघतोय तो प्रकार. एकच बारका ड्रायव्हर, एकावर एक तीन पाकळ्यांची टिप, लई आत जाती. पहिल्यांदा घातला की माणूस घाबरतो. पण नीट बसला की ३५ डेसिबलच्या आसपास बाहेरचं बंद. शेजारच्या घरात पण माग हाय, त्याचा आवाज भिंतीतनं येतो, तरी मी निवांत भजनं ऐकतो. मित्राचे नॉइज कॅन्सलवाले इअरबड पण लावून बघितले. पंख्याची घरघर, रेल्वेची घुमघुम पार गायब करतात. पण धोट्याचा फटका तुटक असतो ना, तो त्यातनं येतोच. त्याला कान बुजवणंच खरं.

बेस कमी हाय असं लोक म्हणत्यात. आवाज हळू ठेवून पण शब्दन् शब्द कळतो, मला तेवढं बास.

आणि आत खोल गेल्याचा एक फायदा कुणी सांगत नाय. वरवर बसणाऱ्यात चालताना पावलं डोक्यात धपधप वाजतात, भाकरी चावली तर वरवंटा फिरल्यागत वाटतं. खोल गेलेल्यात ते बरंच कमी होतं.

कामावर कानात काय घालत नाय बरं का. मागाचा आवाज बदलला की न बघता कळतं धोट्याला फटका मारणारा पिकर गेलाय का पट्टा सैल झालाय.

कर्णोपकर्णी

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, आहे, म्हणून धोटा_कांडी यांच्या शेवटच्या ओळीला आधी हरकत घेते. कामावर कानात काही नाही, हे चालणार नाही. मागाजवळ वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसांच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, ४००० हर्ट्झपाशी खाच पडलेली दिसते, आणि ती भरून येत नाही. फोमचे साधे बोळे घातले तरी पिकर गेल्याचं कळतं, फक्त सवय व्हायला वेळ लागतो. शिवाय दिवसाचा आवाज आणि संध्याकाळचे हेडफोन यांचा कानावरचा भार एकत्रच मोजावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ८० डेसिबल ४० तास असा आहे. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला जेमतेम ४ तास.

म्हणून मी आरामापेक्षाही सीलकडे आधी बघते. सील सैल असेल तर खर्ज जातो, खर्ज गेला की माणूस आवाज वाढवतो, आणि वाढतं मात्र सगळंच. विजापूररोडकर, तुमच्या उजव्या कानात आयई ९०० वापरायचा असेल तर ही गोष्ट लक्षात असू द्या.

एक कटू गोष्टही सांगते. पन्नाशीच्या पुढे १५ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेकांना ऐकू येत नाही. ‘एक्स्टेंशन’साठी, म्हणजे अगदी वरच्या स्वरांपर्यंतच्या पोचेसाठी, पैसे मोजण्याआधी श्रवणचाचणी करून घ्या, ती हेडफोनपेक्षा खूपच स्वस्त पडते.

कान इतके वेगळे असतील तर कस्टम, म्हणजे तुमच्याच कानाच्या साच्यावरून केलेलं, कवच हा मार्ग आहे. सोलापुरात श्रवणयंत्राच्या क्लिनिकमध्ये कानाचा साचा घेतात, पण तो श्रवणयंत्रापुरता उथळ असतो. इन-इअरसाठी कानाच्या दुसऱ्या वळणापलीकडे जाणारा, दातांत ठोकळा धरून तोंड उघडं ठेवून घेतलेला साचा लागतो. तोंड मिटून घेतला तर जबडा हलताच सील सुटणार, म्हणजे आत्ता होतंय तेच. क्लिनिकला हे आधी स्पष्ट सांगा.

शेंगाचटणी

लाखाचा हेडफोन, त्यावर साचा, त्यावर डॅक, त्यावर श्रवणचाचणी. एवढ्यात घरातल्या प्रत्येकाला चादरी घेऊन उरलेल्या पैशात एसी बसेल. एसी बसला की घाम नाही, घाम नाही की टिप सरकत नाही. प्रश्न मिटला.

विजापूररोडकर

शेंगाचटणी, तुमचा सल्ला सगळ्यात व्यवहारी निघाला.

कर्णोपकर्णींचं ‘सगळंच वाढतं’ हे मला नेमकं लागू पडलं. आयई ९०० ऐकताना मी आवाज नेहमीपेक्षा वर ठेवत होतो. कारण आत्ता कळलं.

पण खर्जातला, माझा मूळ प्रश्न तिथेच आहे. मी ऐकतो काय? पंचाहत्तर टक्के जुनं. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं, आकाशवाणीच्या मोनो टेपांवरचं. एसई ८४६ वर त्या टेपेची सरसर इतकी स्पष्ट येते की गायकाआधी तीच बैठक मारून बसते. आणि मोनो असल्याने सगळी मैफल कवटीच्या मधोमध. साउंडस्टेज कुठे मांडायचा? महागाने मला दाखवलं काय, तर मुद्रणातली उणीव.

खर्जातला

जुन्या मोनोसाठी लाखाचा इन-इअर नको, हे शंभर वेळा मान्य. तिथे तर मी स्पीकरच लावतो. माझा वाद नव्या, नीट मुद्रित केलेल्या मैफलींपुरता आहे, आणि तिथे मी तसूभर मागे सरणार नाही. आयई २०० चांगला आहे, पण द्रुत लयीत तबला आणि हार्मोनियम दोन्ही भरात आले की तो थोडा घुसमटतो. आयई ९०० घुसमटत नाही.

विकत घेणाऱ्यांना मात्र एक सांगेन. इन-इअर कानात घातलेला असल्याने परत घ्यायला दुकानदार बहुधा तयार नसतो. तेव्हा ऑनलाइन मागवून नशीब आजमावण्यापेक्षा सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडा, पुण्यात बसून तासभर कानात ठेवून ऐका, संध्याकाळच्या गाडीने परत. पाच मिनिटांत आवाज कळतो, रुततंय का ते तासाने.

धोटा_कांडी

तास नाय, दोन तास. माझं तर दुसऱ्या तासाला दुखायचं, टिपेचा साइज बदलला तवा थांबलं. आन् म्याडम, बोळे उद्याच घेतो.

विजापूररोडकर

भाच्याचे नग अजून आठवडाभर आहेत. खर्जातला, रविवारी सकाळी ‘सात रस्ता’ चौकात या, माझ्याकडून घरी जाऊ. तुमच्या टिपांची पिशवी आणा आणि डग्गाही आणा. समोर बसून घिस्सा वाजवा, मी आधी तो उघड्या कानांनी ऐकतो, मग तिन्हींवर. नाव न सांगता हातात द्या. माझ्या उजव्या कानात आयई ९०० बसवून दाखवलात तर पुढचं बोलू.

आलेखवाला

पातळी मीटरने जुळवणार असाल तर मीटर घेऊन मीही येतो. नुसत्या कानाने जुळवणार असाल तर तुम्ही दोघे निवांत चहा प्या.