९८ ऑक्टेन मागणाऱ्या केमनमध्ये साताऱ्यात काय भरायचं?

साताऱ्याचा_डॉक:
पोर्शे केमन घेतली आहे. सेकंडहँड, २०१५ची, २.७ लिटर, पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). पेट्रोलच्या झाकणाच्या आत ९८ लिहिलंय. माझ्या नेहमीच्या पंपावर साधं आणि एक्सपी९५ (इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेनचं महाग पेट्रोल) एवढंच मिळतं. १०० ऑक्टेनवालं पुण्याला गेलो तरच, आणि भाव साध्याच्या साधारण दीडपट. त्यात एका अमेरिकन व्हिडिओत ऐकलं की या इंजिनात ९३च्या खालचं घालूच नका. मग आपलं ९५ त्याच्याहून वरचं झालं की! झाकणावर ९८ कशाला? गाडी रविवारी पसरणी घाटातून पाचगणीला जाते, अधूनमधून आंबोलीमार्गे गोव्याला. बाकी वेळ कव्हर घालून उभी. काय भरू?

कोल्हापुरी_टर्बो:
डॉक्टर, डोळे झाकून १०० टाका. आपली पोलो जीटी टीएसआय १००वर नुसती सुटते बघा. साध्यावर तीच गाडी घाटात रडते. पुण्याला जाणं होत नसेल तर ऑक्टेन बूस्टरची बाटली ओता, विषय संपला.

सॅन_होजेकर:
व्हिडिओपुरतं सांगतो. इथे अमेरिकेत पंपावरच्या पिवळ्या स्टिकरवर जो आकडा असतो तो रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी. भारतात आणि युरोपात नुसता रॉन लिहितात. त्यामुळे इथलं ९१ म्हणजे तिकडचं साधारण ९५-९६, आणि ९३ म्हणजे ९८च्या आसपास. तुमचं झाकण आणि तो व्हिडिओवाला एकच गोष्ट सांगताहेत. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियात बहुतेक पंपांवर सगळ्यात वरचं ९१च मिळतं, आणि पोर्शे तर इथे चिक्कार आहेत.

टेस्टबेड_काका:
आयुष्य इंजिनं टेस्टबेडवर बांधून त्यांचा छळ करण्यात गेलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

रॉन आणि मॉन हे दोन्ही आकडे एकाच सिलिंडरच्या, चालू असताना कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) बदलता येणाऱ्या एका खास इंजिनावर काढतात. रॉन ६०० आरपीएमवर, मॉन ९०० आरपीएमवर आणि बऱ्याच गरम मिश्रणावर. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १००, एन-हेप्टेन नावाच्या द्रवाला शून्य, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणाइतकं नॉकिंग (म्हणजे दाबानं मिश्रण आपोआप भडकून होणारी टकटक) सहन करतं तेवढंच तो आकडा सांगतो. त्यात ताकद नसते. १००च्या पेट्रोलमध्ये ९५पेक्षा जास्त ऊर्जा भरलेली असते, ही समजूत डोक्यातून काढा.

आता केमन. कॉम्प्रेशन १२.५, टर्बो नाही, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. फवारा आत वाफ होताना मिश्रण थंड करतो, म्हणून एवढं कॉम्प्रेशन परवडतं. ९८वर इंजिन पूर्ण २७५ पीएस देतं. ९५ घातलंत तर ब्लॉकवरचा नॉक सेन्सर टकटक ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा पाडतो. थोडी ताकद जाते, एक्झॉस्ट जास्त तापतो, इंजिन फुटत वगैरे नाही. पोर्शेच्या पुस्तकातही ९५ चालेल असंच आहे.

पण डॉक्टर, तुम्ही ऑक्टेनचं विचारताय आणि मला काळजी इथेनॉलची आहे. आपलं साधं पेट्रोल पूर्वी ९१ होतं. आता ई२० (२० टक्के इथेनॉल) झाल्यावर तेच ९५ झालंय, कारण इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८च्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या पंपावर साधं आणि एक्सपी९५ यांच्यात ऑक्टेनचा फरक असा राहिलेला नाही. जादा पैसे जातात ते बहुतांशी सफाईच्या रसायनांचे. तीही तुमच्या इंजिनात इंजेक्टरपुरतीच, कारण थेट फवाऱ्यामुळे इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही. त्यावरचा कोळसा कुठलंही महाग पेट्रोल धुणार नाही.

तुमच्या गाडीचं पुस्तक इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. २० टक्क्यांवर ईसीयू जास्त पेट्रोल सोडून जुळवून घेईल, अ‍ॅव्हरेज थोडं पडेल, तेवढ्यानं बिघडत नाही. होसेस आणि सील मात्र त्या हिशोबानं केलेले नाहीत. शिवाय गाडी उभी राहणार. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि साताऱ्याचा पाऊस मी तुम्हाला काय सांगणार! इंडियन ऑइलच्या एक्सपी१००मध्ये इथेनॉल नसतं. तुमच्यासारख्याला दीडपट भाव मोजायचं खरं कारण हे, पाच आकडे नव्हेत.

@कोल्हापुरी_टर्बो, तुमची पोलो रीमॅप केलेली, म्हणजे ईसीयूचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवलेली आहे ना?

कोल्हापुरी_टर्बो:
हो काका, स्टेज १. पण फरक जाणवतो म्हणजे जाणवतोच.

टेस्टबेड_काका:
जाणवणारच, मॅपच १०० धरून लिहिलाय. टर्बोचा दाब वाढवला, ठिणगी अलीकडे आणली, मग साध्यावर सेन्सर सगळं परत मागे खेचतो. स्टॉक पोलोत ९५च्या वर पैसे घालणं म्हणजे शुद्ध हौस. हौसेला माझी हरकत नाही, पण डॉक्टरांना डोळे झाकायला सांगू नका.

आणि ती बाटली नको. पुष्कळ बूस्टरमध्ये मँगनीजचं संयुग असतं, प्लगवर विटकरी थर बसतो. बाटलीवर '३० पॉइंट' लिहिलेलं असतं ते ३ ऑक्टेन, ३० नव्हे. छापणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं.

साताऱ्याचा_डॉक:
काका, दंडवत. पण दर वेळी टाकीसाठी पुणं गाठणं जमणार नाही. दोन्ही मिसळलं तर?

टेस्टबेड_काका:
मिसळाच, मी तेच सुचवणार होतो. अर्धी टाकी १००, अर्धी साधं ई२०. ऑक्टेन साडेसत्त्याण्णवच्या आसपास आणि इथेनॉल १० टक्के. पुस्तकाच्या दोन्ही अटींच्या जवळ पोचलात, आणि जादा भाव निम्म्याच टाकीला. अर्धी टाकी उरली की पुण्याला १००नं भरा, ती अर्धी झाली की साताऱ्यात साधं भरा. त्या टाकीला इथेनॉल थोडं वर जाईल, पुढच्या पुणे फेरीला खाली येईल. जूनच्या आधी, गाडी झाकण्यापूर्वी मात्र टाकी शक्य तितकी रिकामी करून १००नंच काठोकाठ.

पंप निवडताना त्यांच्याकडे १००चा खप किती ते विचारा. आठवड्याला चार गाड्या येणाऱ्या पंपावर ते टाकीत पडून राहतं आणि त्यातले हलके घटक उडतात. इथेनॉलची शंका आली तर काचेच्या मोजपात्रात पेट्रोल घ्या, थोडं पाणी घाला, हलवून ठेवा. खालचा पाण्याचा थर घातल्यापेक्षा वाढला तर इथेनॉल आहे. हे घराबाहेर करा, आणि सिगारेटवाला मित्र जवळ नको.

एक फुकटचं. नॉकिंग सगळ्यात जास्त होतं ते कमी आरपीएम आणि जास्त लोडवर. पीडीके नॉर्मल मोडवर इंधन वाचवायला भराभर वरच्या गिअरला जातं. पसरणीत एप्रिलच्या उन्हात स्पोर्ट दाबा किंवा गिअर हातात घ्या, इंजिन फिरू द्या. ९५ असेल तर जास्तच.

सॅन_होजेकर:
आणि वर पाचगणीला हवा विरळ, तिथे नॉकिंगची शक्यता तशीही कमी होते. डेन्व्हरला याच कारणानं ८५चं पेट्रोल विकतात, आमच्या मोजणीतलं ८५.

टेस्टबेड_काका:
बरोबर, पण घाट खालून सुरू होतो, वाईतून.

साताऱ्याचा_डॉक:
शनिवारी पुण्यात कॉन्फरन्स आहेच. आज काटा निम्म्याच्या जरा वर आहे, जाईपर्यंत बरोबर येईल. मोजपात्र दवाखान्यात आहे.