पीक उणे ६, स्पेक्ट्रम उणे २८: विश्वास कोणावर ठेवायचा?

मंद्र सप्तक
काल ‘जवारी’ यांनी या चर्चामंचावर लिहिले की, त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे पीक, म्हणजे आवाजाची कमाल उंची, उणे ६ डेसिबल (शून्य ही डिजिटल फाइलची कमाल पातळी) असताना स्पेक्ट्रममधले, म्हणजे प्रत्येक कंप्रतेची पातळी दाखवणाऱ्या आलेखातले, सर्वांत उंच शिखर उणे २८ च्या वर जात नाही. म्हणून, त्यांच्या मते, आलेख बिनभरवशाचा आहे आणि नवशिक्यांनी तो बंद ठेवून केवळ पीक मीटरवर काम करावे. असे सल्ले लोक खरे मानतात, म्हणून सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

पीक म्हणजे निवडलेल्या भागातल्या सर्वांत उंच अशा एकाच सॅम्पलचा, म्हणजे ध्वनिलाटेच्या एका क्षणाच्या मोजणीचा, आकडा. त्या क्षणी गळा, तबला, तंबोरा आणि पंख्याची घरघर यांची जी बेरीज होते, ती तो सांगतो. स्पेक्ट्रम तीच बेरीज फोडून दाखवतो. ४४,१०० हर्ट्झच्या मुद्रणात ४,०९६ सॅम्पलांची खिडकी (एका वेळी तपासायचा तुकडा) घेतली, तर सुमारे ९३ मिलिसेकंदांचा तुकडा १०.८ हर्ट्झच्या दोन हजारांहून अधिक पट्ट्यांत विभागला जातो आणि निवडलेल्या भागातल्या सर्व तुकड्यांची सरासरी आपल्यासमोर येते. तबल्याची एक थाप पीक वर नेते, सरासरीत ती विरते. शंका असेल त्यांनी १,००० हर्ट्झचा शुद्ध स्वर उणे ६ वर तयार करावा. आलेखातही शिखर उणे ६ च्या जवळच येईल. मग त्याच पीकचा पांढरा गोंगाट (ज्यात सर्व कंप्रता सारख्याच प्रमाणात असतात) घ्यावा. आलेख पुष्कळ खाली दिसेल आणि खिडकी दुप्पट केली की आणखी ३ डेसिबलांनी उतरेल, शुद्ध स्वर मात्र जागचा हलणार नाही. यात खोटे कोणीच बोलत नाही.

जवारी
आपले गणित बरोबर असेल. माझा राग गणितावर नाही. वडील गेल्यानंतर त्यांच्या घरगुती रियाजाचे मुद्रण मी एका स्टुडिओत स्वच्छ करायला दिले. पट्टी काळी एक, तंबोरा पंचमाचा, म्हणजे एक तार पंचमाला जुळवलेली. तिथल्या गृहस्थांनी आलेखावर बोट ठेवून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, खर्जाच्या तारेचा ६९ हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ नाहीच, म्हणजे तंबोरा सदोष आहे. दुसरी, १०० हर्ट्झला विजेचा हम, म्हणजे वीजपुरवठ्याची गुणगुण, आहे. त्यांनी खालचा भाग इक्वलायझरने (निवडक कंप्रता कमीजास्त करणाऱ्या साधनाने) फुगवला, १००, १५०, २०० आणि ३०० वर रुंद खाचा पाडल्या, आणि परत आलेल्या फाइलमध्ये पंचमाची तार मेलेली होती. आईने दोन मिनिटे ऐकून ते बंद करायला सांगितले. आलेखावर विश्वास ठेवण्याची ही किंमत मी मोजलेली आहे.

शून्य डेसिबल
मूळ प्रश्नावर बोलते. केवळ पीक मीटरवर काम करा, हा सल्लाही तितकाच घातक आहे. सॅम्पलांच्या मधल्या जागेत लाट त्यांच्याहून उंच जाऊ शकते. ११,०२५ हर्ट्झचा स्वर विशिष्ट कलेत (फेजमध्ये) पकडला, तर मीटर खऱ्या उंचीपेक्षा ३ डेसिबल कमी दाखवतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २००६ च्या बीएस.१७७० शिफारशीत ट्रू पीक, म्हणजे लाटेची ही खरी उंची, मोजण्यासाठी चौपट ओव्हरसॅम्पलिंग (मधल्या जागी जादा सॅम्पल काढणे) आले आणि २०१० मध्ये युरोपीय प्रसारकांच्या आर१२८ शिफारशीने ट्रू पीकची मर्यादा उणे १, तर सरासरी गाजेची, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाची, पातळी उणे २३ एलयूएफएस (गाज मोजण्याचे एकक) ठरवली. माझ्याकडे शून्याला टेकवलेल्या मुलाखती रोज येतात आणि एमपी३ केल्यावर त्या फाटतात. पीकवरून आवाज किती मोठा वाटेल हे कळत नाही, हे मी किती वेळा सांगायचे?

मंद्र सप्तक
ट्रू पीकचा मुद्दा मान्य. तो मीच मांडायला हवा होता.

‘जवारी’, आपल्या वडिलांच्या मुद्रणाचे वाचून वाईट वाटले, परंतु दोष आलेखाच्या माथी मारू नका. तंबोऱ्यात खर्जाचा मूळ स्वरांश (तारेच्या नादातला एक घटक स्वर) क्षीण आणि वरचे स्वरांश बलवान असणे हेच जवारीचे, म्हणजे घोडीच्या वक्र पृष्ठभागाचे, काम आहे. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी दाखवले होते की, ज्या स्वरांशाचा निस्पंद बिंदू (तारेवरची न हलणारी जागा) नेमका छेडण्याच्या जागी येतो, तोही तंबोऱ्यात उमटतो. काळी एकचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झचा आणि हम १०० चा. १०.८ हर्ट्झच्या पट्ट्यांत ते वेगळे दिसणे शक्यच नव्हते. शिवाय २०० वरच्या रुंद खाचेने २०८ उडवला. तो पंचमाचा दुसरा आणि खर्जाचा तिसरा स्वरांश, म्हणजे दोन्ही तारांतला पंचम एकदम गेला.

जवारी
म्हणजे मोजपट्टी चुकीची नसते, मोजणारा चुकीचा असतो, असेच ना? ज्याचे नुकसान झाले, त्याला हे सांगणे फार सोपे आहे. इतकी वर्षे लोकांनी कानांनी तंबोरे जुळवले, त्यांना खिडकीची लांबी कोणी विचारली नव्हती.

शून्य डेसिबल
कान हवेतच, पण आपण चिडून चांगली वाट बंद करत आहात. मूळ फाइल असेल, तर ३२,७६८ ची खिडकी घ्या, पट्ट्या १.३ हर्ट्झच्या होतील. वेळेनुसार उलगडणारा स्पेक्ट्रोग्रामही पाहा. हम अखंड सरळ रेघ काढतो, तार मात्र प्रत्येक छेडीला नव्याने उजळून मावळते.

जवारी
मूळ फाइल होती. काल रात्री पाहिली. १०० वर अखंड रेघ आहे आणि तिच्या वर, किंचित अंतरावर, दर छेडीला उमटणारी दुसरी. फक्त १०० वर अरुंद खाच पाडली. पंचम शाबूत राहिला. आलेख बंद ठेवा, हे विधान मी मागे घेतो. पण ती दुसरी रेघ पंचमाची आहे, हे मी डोळ्यांनी पाहण्याआधी ऐकले होते, आणि त्या स्टुडिओतल्या माणसाने ऐकले नव्हते, यावर मी ठाम आहे. आता आईला पुन्हा ऐकवणार आहे.