गच्चीवर उन्हाळी भाज्या आणि कॉलनीत बागप्रेमींचे मंडळ : खानदेशातील अनुभवींचा सल्ला हवा आहे

प्रश्न (जळगावहून)

नमस्कार. आमच्या कॉलनीतल्या अकरा घरांनी मिळून यंदा बागकामाचे मंडळ सुरू करायचे ठरवले असून पहिली बैठक महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी आहे. मागच्या वर्षी माझ्या गच्चीवर गिलके आणि दोडके हे दोन्ही वेल मांडवावर छान चढले, फुलेही भरपूर आली. पण फळ बोटाएवढे झाले की पिवळे पडून गळायचे. मोगऱ्याची कोवळी पानेही पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. शेणखत वाढवून पाहिले, तरी फरक पडला नाही. पाणी बोअरचे आहे. आता काय लावावे, काय टाळावे आणि मंडळाने उन्हाळ्यापर्यंत कोणती कामे हाती घ्यावीत, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (धुळ्याहून)

ताई, सर्वप्रथम पुण्या-मुंबईची लागवडीची कोष्टके बाजूला ठेवा. आपल्याकडे वसंत फार थोडे दिवस टिकतो; होळी पेटली की ऊन चटके देऊ लागते. म्हणून भेंडी, गवार, काकडी, गिलके, दोडके यांचे बी याच आठवड्यात टोका, म्हणजे कडक ऊन सुरू होईपर्यंत मुळे खोल गेलेली असतील. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून लावावे. भरताच्या वांग्याचा मोह मात्र आता आवरा. त्याची रोपे पावसाळ्यात लावावीत, म्हणजे थंडीत भरीत करता येते.

कुंडीत निव्वळ काळी माती भरू नका. उन्हाने ती आकसते, कडेने फट पडते आणि घातलेले पाणी मुळांना न लागता त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वरून कुंडी ओली दिसते आणि झाड तहानलेलेच राहते. काळी माती, कुजलेले शेणखत आणि वाळू समप्रमाणात घ्या.

उत्तर २ (भुसावळहून)

आपल्या दोन्ही तक्रारी मी स्वतः अनुभवल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फळ गळण्यामागे बहुधा परागीभवन न होणे हे कारण असावे, कारण उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नर फुलाच्या मागे नुसता देठ असतो. नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून, त्यातला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. यात वेळ चुकवून चालत नाही : गिलक्याचे फूल पहाटे उमलते, तर दोडक्याचे संध्याकाळी. मी दोन वर्षे दोन्ही वेलींवर सकाळीच फिरत राहिलो. गिलकी मिळाली, दोडका एकही धरला नाही. संध्याकाळी दिवेलागणीला हे काम सुरू केले तेव्हा पहिला दोडका हाती आला.

मोगऱ्याला लोह कमी पडत आहे. आपल्या काळ्या मातीत चुना असतो, बोअरच्या पाण्यातून त्यात आणखी भर पडते, आणि मातीत असलेले लोहही मुळांना घेता येत नाही. त्यामुळे नुसते शेणखत वाढवून हे लवकर सुधारत नाही. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) घ्यावे, आणि तेही इडीडीएचए प्रकारचे, कारण इडीटीए प्रकारचे चुनखडीच्या मातीत फारसे टिकत नाही. मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर ती लगेच उरका.

उत्तर ३ (चाळीसगावहून)

मंडळाविषयी लिहिते. आमच्या गल्लीत असा गट आहे आणि माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम मे महिन्यात असते. लोक गावी किंवा लग्नाला जातात आणि चार दिवसांत वर्षभराची मेहनत वाळून जाते. त्यामुळे पहिल्याच बैठकीत, हार-तुरे आणि भाषणे न करता, कोण कोणत्या आठवड्यात बाहेरगावी असेल आणि त्याच्या कुंड्यांना पाणी कोण घालील, ही पाळी कागदावर लिहून काढा.

५० टक्के सावलीची हिरवी जाळी अकरा घरांनी एकत्र विकत घेतली तर स्वस्त पडते. ती मार्चमध्येच बांधून घ्यावी. कुंडीवर आच्छादनासाठी केळीची वाळलेली पाने उत्तम, आणि ती आपल्या जिल्ह्यात कुठल्याही बागायतदाराकडे मागता येतात.

बियांची देवाणघेवाण जरूर करा, पण संकरित वाणाचे बी धरू नका, कारण पुढची झाडे मूळ झाडासारखी निघत नाहीत. भेंडीत ‘परभणी क्रांती’ हे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण आहे आणि पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या, शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूला ते बऱ्यापैकी दाद देत नाही.

प्रश्नकर्ती (जळगावहून)

तिघांचेही मनापासून आभार. संध्याकाळी दोडक्याचे फूल उमलते हे मला ठाऊकच नव्हते. मी रोज सकाळी मिटलेली फुले पाहून वेलीलाच दोष देत होते. पाण्याच्या पाळीचा तक्ता रविवारी सर्वांसमोर ठेवते. जाळी दक्षिणेकडून बांधावी की पश्चिमेकडून, एवढे कृपया सांगावे.

उत्तर २ (भुसावळहून)

वरून आणि पश्चिमेकडून बांधा. दुपारनंतरचे ऊन आणि झळा तिकडूनच येतात. पूर्वेची बाजू मोकळी राहू द्या, सकाळचे ऊन वेलींना हवेच असते.