पर्यावरण पत्रकारिता: मायनर घ्यावे की प्रमाणपत्र अभ्यासक्रम?

प्रश्न (जुळे सोलापूर):
मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मराठी मुख्य विषय घेऊन शिकत आहे. तिला पर्यावरणाचे वार्तांकन करायचे आहे. पर्यावरणशास्त्राचे मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) घ्यावे, की माध्यमांचा वेगळा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक):
ताई, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मायनर हा पदवीचाच भाग असतो आणि त्याचे श्रेयांक (क्रेडिट) गुणपत्रिकेत दिसतात; स्वतंत्र प्रमाणपत्र मात्र पदवीबाहेरचे, कमी मुदतीचे आणि प्रामुख्याने कौशल्यापुरते असते. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्यास मिळणारे प्रमाणपत्र ही तिसरीच गोष्ट आहे, त्यात गल्लत करू नका. महाविद्यालयात पर्यावरणशास्त्राचे मायनर खरोखर शिकवले जाते का, हे मायनर निवडण्याआधी विचारा. माझ्या मते विषयाचे ज्ञान आधी, कॅमेरा नंतर.

उत्तर (वार्ताहर):
सरांशी सहमत आहे. उजनी धरणाच्या पाण्यावर बातमी करताना प्रयोगशाळेचा अहवाल हातात येतो आणि त्यात ‘बीओडी’चा (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचा) रकाना असतो; अंघोळीयोग्य पाण्यात हा बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा, हे ठाऊक नसेल तर अधिकाऱ्याला नेमका प्रश्नच विचारता येत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याचेही तसेच आहे, कारण तिथला माळ पडीक जमीन नसून गवताळ परिसंस्था आहे, हे आधी आपल्याला पटलेले असावे लागते.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. उद्याच महाविद्यालयात चौकशी करते. मायनर मिळाले, तर माध्यमांचे प्रमाणपत्र तिला सुट्टीत करता येईल का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक):
अवश्य, वेळापत्रक आड येत नसेल तर.