मामांचा व्हॉल्व्ह: छाती उघडायची की मांडीतून जायचं?

गंगापूररोडकर

गेल्या रविवारी इंदिरानगरला मावशीकडे सगळं गोत जमलं होतं. निमित्त मामांचं. वय ६६, निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग. एप्रिलच्या खरड छाटणीत बांधापासून विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसायला लागले, तेव्हा घरच्यांनी जबरदस्तीने टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करवला. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप कॅल्शियम साचून आकसली आहे. चांगली झडप उघडली की ३ ते ४ चौरस सेंटिमीटरची वाट होते. मामांची उरली आहे ०.८. गोळ्यांनी हे उघडत नाही. बदलायलाच हवी, यावर कुणाचाच वाद नाही.

वाद पुढे. पुरणपोळी संपायच्या आत ठराव पास झाला: "आता मांडीतून बसवतात. टाके नाहीत, तीन दिवसांत घरी. अर्धा एकर विकू, पण छाती फाडायची नाही." विरोधात मी एकटा.

माझं म्हणणं असं. मामांची किडनी चांगली, फुप्फुसं चांगली, साखर नाही. अशा माणसाला सर्जन छाती उघडून जुनी झडप कापून काढतो आणि जागा साफ करून नवी शिवतो. मांडीच्या धमनीतून नळीने नेऊन जी बसवतात ती जाळीवर शिवलेली असते. जुनी झडप तिथेच भिंतीला दाबून ठेवतात आणि जाळी आत फुलवतात. दोन्हींतल्या पाकळ्या बहुतेक जनावराच्या पातळ पडद्याच्याच, दोन्ही कधी ना कधी झिजणार. मग मामा ऐंशीला टेकले की काय? आधी शस्त्रक्रियेची झडप असेल तर तिच्या आत मांडीतून दुसरी बसवता येते. आधी जाळी बसवली असेल तर जाळीत जाळी. ड्रिपच्या नळीत दुसरी नळी घातल्यासारखं, वाट अरुंद होणारच. आणि ती काढायची वेळ आली तर धमनीच्या अस्तरात रुजलेली जाळी सोलून काढावी लागते, तीही म्हातारपणी.

छाती उघडायची वेळ येणारच असेल तर अंगात ताकद आहे तोवर येऊ द्या. बिनटाक्याचं आहे म्हणून भुलून जाऊ नये. बोला.

सातपूर_टूलरूम

बोलतो, कारण "जाळी आत फुलवतात" हे तुम्ही मांडवाला कनात लावल्यासारखं लिहिलंय.

माझी अख्खी नोकरी डाय-फिक्श्चरमध्ये गेली. एका प्रदर्शनात ही वस्तू हातात घेऊन पाहिली आहे. उघडी असताना २६ मिलिमीटर, साधारण दहा रुपयाच्या नाण्याएवढी. बारीक चौकड्यांचा पिंजरा, आत तीन पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीची कड हाताने शिवलेली. टाके मोजायला गेलो आणि सोडून दिलं. तीच वस्तू चिमटून पेन्सिलीएवढ्या नळीतून जाते. चिमटताना पाकळी चुरगळायची नाही, आणि उघडल्यावर गोल म्हणजे गोलच. एवढं अंतर मारणारा साचा मी आयुष्यात केला नाही.

यात दोन जाती आहेत. एक कोबाल्ट-क्रोमियमची. ती फुग्यावर चिमटून बसवतात आणि फुगा फुगवला की ताणून तशीच राहते. आपल्या भाषेत, धातू परत न येण्याइतका वाकवला. दुसरी निकेल-टायटॅनियमची, नितिनॉल. ती बर्फासारख्या गार सलाइनमध्ये मऊ करून नळीत भरतात आणि अंगाच्या उष्णतेत नळी मागे ओढली की आपोआप मूळ आकार धरते. पहिलीत जोर फुग्याचा, दुसरीत धातूच्या आठवणीचा.

आता यातली गंमत. ही शिवत नाहीत, तर धरते कशाला? ज्या कॅल्शियमने मामांची झडप बंद पडली, त्याच कॅल्शियमला. आजारच खुंटी होतो. झडप आकसलेली नसून नुसती गळकी असेल तर ही जाळी धरायला कठीण जाते, ती त्यामुळेच.

१९८९ साली डेन्मार्कच्या हेनिंग रूड अँडरसन या डॉक्टरने खाटकाकडून डुकराची हृदयं आणली, त्यातली झडप शस्त्रक्रियेच्या तारेच्या घरच्या घरी वळलेल्या जाळीवर शिवली आणि जिवंत डुकरात बसवून दाखवली. नियतकालिकांनी लेख परत पाठवले. छापून यायला १९९२ उजाडलं. माणसात पहिल्यांदा बसवली फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी, १६ एप्रिल २००२ ला. तो रुग्ण ५७ वर्षांचा होता. सर्जननी हात वर केलेला माणूस. चार महिन्यांनी दुसऱ्या कारणाने गेला, पण झडप चालत होती.

हे "भुलणं" नाही हो.

पंचवटीची_सून

सासूबाई ८१. मागच्या वर्षी मुंबईत मांडीतूनच बसवली. संध्याकाळी आत गेले तेव्हा जांघेत हाताच्या पंजाएवढी पट्टी, बाकी काही नाही. आणि पहिलं वाक्य, "चहात साखर घालतील का इथले?" त्याआधीचे सहा महिने त्या रात्री उशीला टेकून बसून झोपायच्या. रामकुंडावर जाणं सोडा, देवघरापर्यंत जाताना भिंत धरायच्या.

गंगापूररोडकर, तुमचा ताकदीचा हिशेब त्यांना ऐकवला असता तर त्यांनी तुम्हाला पाटावरून उठवलं असतं.

गंगापूररोडकर

ताई, ८१ ला मी एक शब्द बोललेलो नाही. तिथे मांडीतूनच. माझा प्रश्न ६६ चा आहे. एक विचारतो, राग मानू नका. नंतर पेसमेकर लागला का?

पंचवटीची_सून

लागला. चौथ्या दिवशी. त्याचे पैसे वेगळे. आधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. संमतीच्या कागदावर होतं, आम्हीच घाईत सही केली.

कॅथलॅबची_पहाटपाळी

मी या कामात तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. तेवढंच धरून वाचा.

पेसमेकर का लागतो ते आधी. हृदयाच्या ठोक्याची वीज नेणारी तार नेमकी या झडपेखालून जाते. जाळी फुलली की तिच्यावर दाब येऊ शकतो. स्वतः फुलणाऱ्या जातीत हे जास्त. शस्त्रक्रियेची जोखीम कमी असलेल्या रुग्णांवरच्या २०१९ च्या दोन मोठ्या चाचण्यांत पहिल्या महिन्यात नवा पेसमेकर लागण्याचं प्रमाण नितिनॉलच्या जाळीत १७.४ टक्के होतं, फुग्यावरच्या जाळीत ६.५. शस्त्रक्रियेतही शून्य नव्हतं: ६.१ आणि ४.

आता धाग्याच्या मूळ वादाबद्दल. २०१० च्या चाचणीत फक्त असे रुग्ण होते ज्यांना सर्जन हात लावायला तयार नव्हते. वर्षभरात नुसती औषधं किंवा फुग्याने जुनी झडप ताणणं एवढ्यावर ठेवलेले ५०.७ टक्के गेले, जाळीच्या झडपेवर ३०.७. हा फरक बघून जगाने पद्धत उचलली. मग हळूहळू धडधाकट लोकांत आली. फुग्यावरच्या जाळीच्या २०१९ च्या त्या चाचणीत मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा भरती, यांतलं काहीतरी वर्षभरात ८.५ टक्क्यांना झालं, शस्त्रक्रियेत १५.१ टक्क्यांना. टूलरूमवाल्यांना हे आवडेल. पण पाच वर्षांनी तेच आकडे २२.८ आणि २७.२, म्हणजे ठामपणे वेगळे म्हणावेत एवढं अंतर उरलं नाही. आणि त्या लोकांचं सरासरी वय ७३ होतं.

२०२० च्या अमेरिकन मार्गदर्शनात ६५ खाली शस्त्रक्रिया, ८० वर जाळी, आणि मधे दोन्हींवर बोलून ठरवा असं आहे. मामा त्या "मधे"च्या उंबऱ्यावर आहेत. त्यामुळे मावशीकडचा ठराव आणि तुमचा विरोध, दोन्ही सीटी स्कॅनच्या आधीचे. सीटीवर झडपेच्या कडीचं माप, मांडीच्या धमनीची रुंदी, हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांची तोंडं किती उंचीवर आहेत, आणि झडपेला पाकळ्या तीन आहेत की जन्मतः दोनच, हे कळतं. दोनच निघाल्या तर अर्धी चर्चा बदलते, कारण त्या चाचण्यांत असे रुग्ण घेतलेच नव्हते.

टेबलावरचा एक क्षण सांगते. फुगा फुगवायच्या आधी तात्पुरत्या पेसमेकरने हृदय मिनिटाला १८० च्या वर पळवतात. तेवढं पळालं की ते रक्त फेकतच नाही, नुसतं थरथरतं, आणि जाळी जागची हलत नाही. रक्तदाबाची रेषा जवळजवळ सपाट. दहा-पंधरा सेकंद. मग "पेसिंग ऑफ" म्हणतात आणि रेषा परत डोंगर काढते. इतकी वर्षं झाली, त्या वेळेला खोलीत कुणी बोलत नाही.

निफाडचा_हिशेबनीस

सगळे धातू आणि टक्के बोलताहेत, पैशाचं कुणीच नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एकांना दिलेलं अंदाजपत्रक मी वाचलंय: सोळा लाख. त्यातले बहुतेक एका झडपेचे. शस्त्रक्रियेचं त्याच्या पाव हिश्शाहून थोडं जास्त. एका अवकाळीत बाग जाते हे माहीत असलेल्या माणसाला अर्धा एकर विकायला सांगणं सोपं आहे, इंदिरानगरच्या सोफ्यावरून.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या धमन्यांतल्या स्टेंटला किमतीची मर्यादा लावली. औषध लावलेला स्टेंट २९,६०० आणि साधा ७,२६०. त्याआधी औषध लावलेले लाखाच्या घरात विकत होते. आकाश कोसळलं का? मग झडपेच्या जाळीलाही लावा मर्यादा.

सातपूर_टूलरूम

हिशेबनीस, स्टेंट ही नुसती नळी आहे. यात पाकळ्या आहेत, हातशिलाई आहे, वर्षानुवर्षं उघडझाप सोसल्याची चाचणी आहे. किंमत दाबून माल येणार नाही, स्पर्धा आली तर येईल. आणि ती आलीय. गुजरातमधल्या वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हॅल ही फुग्यावरची झडप भारतात २०१८ पासून मान्य आहे. वापी म्हणजे नाशिकहून पेठकडचा घाट उतरला की आलीच. त्यांनी दीड-दीड मिलिमीटरच्या फरकाने मधली मापं काढली. २३ आणि २६ च्या मधला माणूस असेल तर त्याला २४.५ मिळते. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात चाचणी आली, परदेशी झडपांच्या तोडीस उतरली.

निफाडचा_हिशेबनीस

उतरली ना? मग बिलात का नाही उतरली.

आळंदीला_जाणारी

एक विचारायचं होतं, हसू नका. पाकळ्या गाईच्या की डुकराच्या? आमच्याकडे माळ आहे.

कॅथलॅबची_पहाटपाळी

हसण्यासारखं काही नाही, बरेच जण विचारतात, काहींना विचारायचा धीर होत नाही एवढंच. हृदयाभोवतीच्या पडद्यापासून करतात. काही कंपन्या गोवंशाचा घेतात, काही डुकराचा. रसायनात प्रक्रिया केलेला असतो. कुठली आहे ते आधी सांगा म्हणून हट्ट धरा, तुमचा हक्क आहे.

नाशिकरोडचा_जुना

जनावराचं नकोच असेल तर धातूची आहे की! माझी २००४ सालची, चित्रा व्हॉल्व्ह. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने घडलेली, पहिली डिसेंबर १९९० मध्ये बसवली. एक तबकडी कलते आणि परत बसते. रात्री निजानीज झाली की आमच्या हिच्या कानाला टिकटिक ऐकू येते. थांबली तर उठवेन म्हणते. वीस वर्षं झाली, झिजली नाही.

फक्त रोज रक्त पातळ करायची गोळी, महिन्याला तपासणी, आणि मेथी-पालक एक दिवस भरपूर, चार दिवस काहीच नाही असं चालत नाही. दाढी करताना कापलं तर टॉवेल धरून बसायचं. ६६ ला मात्र मी सुचवणार नाही, त्या वयात गोळीचा त्रास झडपेपेक्षा मोठा होतो. तरुणांचं काम ते.

पंचवटीची_सून

गंगापूररोडकर, तुम्ही एक सोडलंत. छातीचं हाड कापल्यावर जुळायला सहा ते आठ आठवडे, जड उचलायला तीन महिने मनाई. बागाईतदाराला ऑक्टोबर छाटणीला तीन महिने खाटेवर बसवणार का? तुम्ही ऐंशीची काळजी करताय, त्यांचा हंगाम पुढच्या महिन्यात आहे.

गंगापूररोडकर

हे खरंच डोक्यात नव्हतं. मी हिशेब पंधरा वर्षांचा मांडला आणि मामा ऑक्टोबरचा मांडत असणार. तरीही, एक हंगाम की एक झडप, असं विचारलं तर माझं उत्तर बदलत नाही. एवढं मात्र मान्य की ते उत्तर मी द्यायचं नाही.

सातपूर_टूलरूम

सीटीचं माप आलं की टाका इथे. कडी किती मिलिमीटर ते.

गंगापूररोडकर

चार दिवसांनी लिहितोय. सीटी गुरुवारी आहे. डॉक्टरांनी सर्जनलाही त्याच बैठकीत बोलवलं आहे, हे मला बरं वाटलं. मामांनी तिथे एकच विचारलं, "ट्रॅक्टर कधी?" उत्तर ऐकून काही बोलले नाहीत.

काल फोन केला तर मामी म्हणाल्या, पेठहून मुकादम आला होता, त्याला छाटणी उक्ती देऊन टाकली, उचलही दिली. म्हणजे ऑक्टोबरात आपण बागेत नाही हे मामांनी धरलंय. मांडी की छाती, ते अजून कुणालाच सांगत नाहीत.